डोळा न लागलेले चित्रपट

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांतून सरत्या वर्षातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांच्या याद्या येऊ लागतात. त्या करणारे समीक्षक पटकथेची बांधणी बघतात, छायाचित्रण बघतात, आवाजातले बारकावे टिपतात आणि एवढं सगळं करून शेवटपर्यंत जागेही राहतात. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. माझ्याकडे चित्रपट जोखायची एकच कसोटी आहे, आणि ती जन्मतःच शरीरात बसवून आलेली असल्यामुळे तिथे कुणाचा वशिला चालत नाही. चित्रपट बघताना मला झोप लागली का? लागली नसेल, तर चित्रपट चांगला.

एरवी मी झोपाळू नाही. घरी रात्री दीड-दोन वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडलेला असतो. पण थिएटरातले दिवे मालवले, गारवा सुटला आणि शेजारी कुणी एका लयीत पॉपकॉर्न चावायला लागलं, की माझ्या पापण्या आपला निर्णय आपण घेतात. राष्ट्रगीताला मी संपूर्ण जागा असतो, कारण उभा असतो. तंबाखूविरोधी जाहिरातही डोळे उघडे ठेवून बघतो. त्यापुढचं सगळं दिग्दर्शकाच्या नशिबावर.

तरुणपणी असं नव्हतं. पुण्यातल्या एकपडदा थिएटरांत तेव्हा रेक्झिनच्या खुर्च्या असत, त्यांतल्या स्प्रिंगा मधूनच वर डोकावत आणि शिवणीत ढेकणांची पिढीजात वस्ती असे. त्या काळातल्या प्रेक्षकांची जाण फार तल्लख होती म्हणतात आणि त्याचं श्रेय फिल्म सोसायट्यांना देतात. त्यातलं थोडं ढेकणांनाही द्यायला हवं. तेव्हा पाहिलेले चित्रपट मला श्रेयनामावलीसकट आठवतात. पुढे मल्टिप्लेक्स आली, ढेकूण गेले, आणि आता तर बटणावर मागे रेलणाऱ्या खुर्च्या आल्या आहेत. साठीच्या माणसाचे पाय उचलून पोटाच्या पातळीला आणून ठेवायचे, अंगावर गार वारा सोडायचा, आणि मग त्याला मानवी अस्तित्वाविषयी प्रश्न विचारायचे, याला काही अर्थ नाही.

तरी मी जायचं सोडत नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीत मी चित्रपटातला दर्दी समजला जातो. जिना उतरताना कुणी विचारलं, ‘काय, आज कुठला?’ तर मी चित्रपटाचं नाव न सांगता दिग्दर्शकाचं सांगतो. ‘आज व्हिलनव्ह.’ येताना कुणी ‘कसा होता?’ विचारलं, तर ‘मांडणी जरा वेगळी आहे’ हे वाक्य तयार असतं. ते आजवर एकाही चित्रपटाला लागू पडलं नाही असं झालेलं नाही.

या कीर्तीचं फळ मला 2024च्या डिसेंबरात मिळालं. ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी घरी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, ‘‘शेवटच्या शनिवारी विरंगुळा केंद्रात तुमचं व्याख्यान ठेवलंय. ‘सरत्या वर्षातले माझे आवडते चित्रपट’. फळ्यावर लिहूनसुद्धा झालंय. तासभर बोला. चहा नंतर ठेवलाय, म्हणजे लोक थांबतील.’’

रात्री कागद घेऊन बसलो. एक आकडा टाकला आणि कान महोत्सवात गाजलेल्या चित्रपटाचं नाव लिहिलं. दोन आकडा टाकला आणि व्हिलनव्हचा ‘ड्यून’ लिहिला. ही मागे उभी राहून वाचत होती.

‘‘हे दोन्ही तुम्ही बघितलेले नाहीत,’’ ती म्हणाली.

‘‘असं कसं? तू होतीस की बरोबर!’’

‘‘होते. म्हणूनच सांगतेय.’’

आणि तिने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं. आमच्या घरचं सगळं दप्तर त्या कॅलेंडरवर असतं. सिलिंडर कधी लावला, मावशींची रजा किती झाली, दुधाचा खाडा कुठल्या दिवशी. त्याच चौकोनांत बारीक अक्षरांत वर्षभरातले चित्रपट लिहिलेले होते, आणि ज्यांत माझा डोळा लागला होता त्यांच्याखाली एकच शब्द होता: ‘खाडा’. मार्चच्या हिशोबात या नोंदींची सरमिसळ होऊन ‘ड्यून’च्या दिवसाचे दुधाचे पैसेही कापले गेले होते. दूधवाला अजून म्हणतो, ‘‘काकू, त्या दिवशी मी स्वतः लिटरभर टाकून गेलोय.’’ त्याला आता वाळवंटातली कथा कुठून सांगायची?

मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, हीच तुझी यादी. ज्यांच्याखाली खाडा नाही ते तुझे आवडते. यापेक्षा प्रामाणिक समीक्षा जगात कुणी केली नसेल.’’ मी कानचा कागद चुरगळला आणि कॅलेंडर उलटायला लागलो.

आधी खाडे सांगून टाकतो. ‘ड्यून’चा दुसरा भाग 1 मार्चला लागला, लांबी 166 मिनिटं. त्यातल्या ग्रहावर वाळूखाली महाकाय किडे असतात. वर कुणी नियमित ठेक्यात चाललं की ते धावून येतात, म्हणून तिथली माणसं मुद्दाम बेताल पावलं टाकतात. हे सगळं मला मुलीने रिक्षात सांगितलं. वर म्हणाली, ‘‘तू इतका तालात घोरत होतास ना बाबा, तिथे असतास तर पहिला तुलाच गिळला असता.’’ मग जूनच्या अखेरीस ‘कल्की 2898 एडी’. माझा डोळा लागला तेव्हा इसवी सन 2898 चालू होतं. उघडला तेव्हा समोर कुरुक्षेत्र, रथ, अर्जुन आणि कर्ण. आपण नेमके कुठल्या दिशेने आणि किती झोपलो, हे कळेना. त्या चित्रपटात अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले आहेत. शापामुळे हजारो वर्षं तो जागा आहे. त्या दिवशी थिएटरात आम्ही दोघं एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांना होतो.

आता जागेपणीचे चित्रपट.

ज्या शुक्रवारी ‘ड्यून’ लागला, त्याच शुक्रवारी किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ही लागला होता. साल 2001, कुठलंसं निर्मल प्रदेश नावाचं राज्य, रेल्वेच्या डब्यात डोक्यावरून घुंघट घेतलेल्या नवऱ्या, आणि अंधारात आपली समजून दुसऱ्याचीच नवरी घेऊन उतरलेला दीपक. मी सुरुवातीला सवयीप्रमाणे खुर्ची मागे केली होती. तेवढ्यात पोलीस ठाण्यात पान चघळत बसलेला इन्स्पेक्टर आला. रवी किशन. आणि त्याचं नाव श्याम मनोहर! मी ताठ उठून बसलो. आमच्या पुण्यात श्याम मनोहर म्हणजे ‘उत्सुकतेने मी झोपलो’ या कादंबरीला साहित्य अकादमी मिळालेले लेखक. ज्या शीर्षकात माझं सगळं चरित्र आलं आहे, त्याच्या लेखकाच्या नावाचा माणूस पडद्यावर पंचनामा करतो आहे म्हटल्यावर झोपेची काय बिशाद?

मध्यंतरात मी चहा घ्यायला बाहेर पडलो आणि परतेपर्यंत दिवे गेले होते. अंधारात आपली रांग धरली, आपल्या खुर्चीत बसलो, शेजारच्या मांडीवरल्या डब्यातलं पॉपकॉर्न घेतलं आणि हळूच म्हणालो, ‘‘तो दीपक अगदी तुझ्या धाकट्या भावासारखा बावळट आहे बघ.’’ अंधारातून अपरिचित आवाज आला, ‘‘काका, पॉपकॉर्न घ्या हवं तर. पण काकू वरच्या रांगेतून मघापासून हात करताहेत.’’ वर गेलो. ही पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘‘त्या दीपकला निदान घुंघटामुळे कळलं नव्हतं. तुमचं काय?’’ पुढे हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला. तिच्या भावासंबंधीच्या माझ्या मताचा उल्लेख मात्र आमच्या घरी अजून होतो, कारण ते मत खालच्या रांगेतून वरपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं होतं.

त्याच महिन्यात मुलीने ‘मंजुमल बॉइज’ला नेलं. मल्याळम चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरं. अक्षरं वाचत राहिलो तर झोप येणार नाही, असा तिचा हिशोब होता. कोचीजवळच्या मंजुमलची दोस्तमंडळी कोडाईकनालला जातात, तिथल्या गुणा केव्ह्जमध्ये उतरतात आणि त्यांच्यातला एक जण खोल विवरात पडतो. 2006 साली खरंच घडलेली हकीकत. त्या गुहेचं नाव कमल हासनच्या 1991 सालच्या ‘गुणा’ चित्रपटावरून पडलं, आणि त्यातलंच इळैयराजांचं गाणं चिदंबरम या दिग्दर्शकाने असं काही वापरलं आहे की पुण्यातसुद्धा मागच्या रांगा ओरडायला लागल्या. मागच्या रांगांत मल्याळी पोरं होती.

पडद्यावर तो मुलगा विवरात पडला आणि दचकून माझ्या हातातला मोबाइल निसटला. दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत गेला. मी हात घातला. कोपरापर्यंत गेला. मोबाइल बोटांना लागला आणि आणखी खाली सरकला. हात ओढायला गेलो तर येईना. दुसऱ्या हाताने आधार शोधताना बटण दाबलं गेलं, पाय वर यायला लागले, पाठ मागे जायला लागली, आणि आतल्या कुठल्याशा लोखंडी दांडीने माझं मनगट पक्कं धरलं. पडद्यावर मित्र विवराच्या तोंडाशी ओणवे होऊन खाली हाका मारत होते. मुलगी माझ्या खुर्चीच्या फटीशी ओणवी होऊन विचारत होती, ‘‘बाबा, कुठपर्यंत गेलाय?’’

पुढचं सगळं समांतर चाललं. पडद्यावर सौबिन शाहिर कमरेला दोर बांधून खाली उतरला. इकडे मागच्या रांगेतली पोरं उतरून आली. चित्रपटातली टोळी ही रस्सीखेच खेळणारी आहे आणि शेवटी तोच सराव कामी येतो. आमच्याकडच्या पोरांनी तो सराव नुकताच बघितलेला होता. एकाने बटण धरलं, बाकीच्यांनी मला काखेत धरून मल्याळममध्ये आकडे मोजले आणि ओढलं. तो वर आला आणि मीही आलो. टाळ्या आणि शिट्ट्या एकदमच झाल्या. त्यांतल्या माझ्या वाटच्या किती, हे वेगळं काढता येणार नाही. कोपर सोललं होतं. मोबाइल चित्रपट संपल्यावर झाडूच्या दांड्याने निघाला. कॅलेंडरवर त्या दिवशी हिने खाडा लिहिला नाही, फक्त ‘टिटॅनस’ लिहिलं.

1 मेला परेश मोकाशींचा ‘नाच गं घुमा’ आला. नोकरी करणारी राणी म्हणजे मुक्ता बर्वे, तिच्याकडची कामवाली आशाताई म्हणजे नम्रता संभेराव, आणि दोघींचं एकमेकींवाचून कसं अडतं त्याची ही गोष्ट. हिने आमच्या मावशींनाही बरोबर घेतलं. समतेचा विचार मला पटला होता. मावशींची खुर्ची माझ्याशेजारी येईल, हे लक्षात आलं नव्हतं. मावशी चित्रपट मनातल्या मनात बघत नाहीत. राणी तणतणायला लागली की त्या माझ्याकडे वळून म्हणत, ‘‘हे अगदी काकूंसारखं.’’ आशाताई उशिरा आली की म्हणत, ‘‘बस मिळाली नसंल.’’ मध्यंतरात त्यांनी वडापाव खाता खाता पगारवाढीचा विषय काढला. मी म्हणालो, ‘‘चित्रपट संपू दे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘शेवट गोड झाला तर तुमी द्यायचा न्हाईत.’’ चित्रपटगृहातलं इतकं नेमकं रसग्रहण मी दुसरं ऐकलेलं नाही. पगार वाढला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. ‘‘रातीचा पिच्चर बघून पाय दुखत्यात,’’ असा निरोप आला. त्या चौकोनात खाडा लागला, पण तो मावशींचा.

जूनमध्ये आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’. मुंज होऊन लगेच मेलेला मुलगा पिंपळावर भूत होऊन बसतो ही कोकणातली समजूत, आणि त्याच्या तावडीत सापडलेला पुण्याचा बिट्टू. भुतांवर माझा विश्वास नाही. मी बुद्धिवादी घरातला आहे. रात्रीचा खेळ संपवून बाहेर आलो, तर स्कूटर लावली होती त्या जागेवर मघा न दिसलेला पिंपळ होता. हिला म्हणालो, ‘‘आज रिक्षाने जाऊ. रात्रीची थंडी बाधेल.’’ जून महिना होता. रिक्षावाल्याने मीटरच्या दीडपट घेतले, ते मी एरवीच्या हुज्जतीशिवाय दिले. सकाळी उजेडात स्कूटर आणायला गेलो. तिच्यावर भूत बसलं नव्हतं, पण कावळे भरपूर बसून गेले होते.

सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा लागला. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट मुळात 12 ऑक्टोबर 2018चा. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देणारं, भीतीची जातकुळी नारायण धारपांची, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊस. 2018 साली तो मोजक्यांनीच पाहिला. मी पाहिला, म्हणजे पाऊस ऐकला. पावसाच्या आवाजात मला घरी कधी मिळाली नाही इतकी गाढ झोप लागली होती. सहा वर्षांनी तो परत आला आणि या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला.

मी मात्र तो पाहायला गेलो त्याचं कारण वेगळं होतं. 20 सप्टेंबर हा राष्ट्रीय चित्रपट दिन ठरला होता आणि त्या दिवशी तिकीट 99 रुपये होतं. माणसाच्या लोभाचं भयानक फळ दाखवणारा चित्रपट मी स्वस्तात मिळतो म्हणून गाठला. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण तिकिटात वाचले म्हणून मोठं पॉपकॉर्न घेतलं, मोठ्या पॉपकॉर्नवर थोडे टाकले की शीतपेय मिळतं म्हणून शीतपेय घेतलं, आणि त्यावर थोडे टाकले की नाचोज मिळतात म्हणून तेही. पडद्यावर विनायक पोटाच्या खळग्यात उतरून हस्तर नावाच्या शापित देवाच्या कमरेची नाणी ओरबाडत होता. तो दर वेळी थोडं जास्त घ्यायला बघतो आणि त्यातच फसतो. मांडीवर तीन डबे घेऊन मी ते बघत होतो. पोटात कळा सुरू झाल्यामुळे झोपेचा प्रश्नच आला नाही. बाहेर आल्यावर हिने बिलं जोडून दाखवली. त्या रकमेत आम्ही एरवीच्या दराने दोघांनी दोनदा ‘तुंबाड’ पाहिला असता.

18 ऑक्टोबरला ‘पाणी’ आला. आदिनाथ कोठारे यांचं पहिलं दिग्दर्शन. नांदेड जिल्ह्यातलं नागदरवाडी, तिथला हनुमंत केंद्रे, गावात पाणी नाही म्हणून मुली द्यायला तयार नसलेले सोयरे, आणि एका लग्नापायी सुरू होऊन सगळ्या गावाची होऊन बसलेली खटपट. 2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणासाठीचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, आणि थिएटरात यायला त्याला 2024 उजाडलं. मराठी चित्रपटाच्या वाट्याला येते तसल्या अडनिड्या वेळेचा, सकाळचा खेळ होता. त्यामुळे रक्तदाबाची गोळी मी नुकतीच घेतली होती. ही गोळी शरीरातलं पाणी काढते. झोप येऊ नये म्हणून वर मोठा कप चहाही झाला होता.

पडद्यावर टिपूस नव्हता आणि माझ्याकडे सुकाळ झाला होता. चित्रपट पाच वर्षं थांबला होता. मला मध्यंतरापर्यंत थांबवेना. पण बसलो होतो रांगेच्या मधोमध. दोन्ही बाजूंना शाळेतून आणलेली मुलं, आणि समोर बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन ऊन तुडवत निघालेल्या. अशा वेळी ‘जरा जाऊ द्या’ म्हणून उठायचं मला धाडस झालं नाही. मध्यंतरानंतर तीच गोष्ट पुन्हा. शेवटी गावात पाणी आलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी धावलो. त्या गावकऱ्यांच्या आनंदाशी इतका एकरूप झालेला प्रेक्षक त्या दिवशी महाराष्ट्रात दुसरा नसेल.

राहिला तो कानचा. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. तीस वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट कानच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि मे महिन्यात तिथला ग्रां प्री घेऊन आला. आपल्याकडे नोव्हेंबरात लागला, तोही अगदी थोड्या पडद्यांवर. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन मल्याळी नर्सा, त्यांतल्या एकीचा नवरा जर्मनीत, आणि त्याच्याकडून म्हणून घरी येऊन पडलेला एक राइस कुकर. तिसरी पार्वती, इस्पितळात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा. चाळीतल्या तिच्या खोलीचे कागद नाहीत, तिथे टॉवर व्हायचा आहे, म्हणून ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडच्या गावी निघते. ते काम छाया कदमांनी केलं आहे. ‘लापता लेडीज’मधली मंजू माई त्याच.

कॅलेंडरवर या चित्रपटाखाली खाडा आहे आणि मी तो नाकारत नाही. मुंबईतल्या रात्री, लोकलच्या खिडक्यांतून सरकणारे दिवे, वेगवेगळ्या भाषांत हळू बोलणारे आवाज, यात कधीतरी माझा डोळा लागला. पण बाकी चित्रपटांत मला कंटाळ्याने झोप लागते, इथे ती विश्वासाने लागली. मधेच जाग आली तेव्हा मंडळी कोकणात पोचली होती, समुद्र दिसत होता, आणि मला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्या रात्री घरी मात्र पंख्याकडे बघत त्या राइस कुकरचाच विचार करत होतो. हिला म्हणालो, ‘‘हा यादीत हवा. इराणचे अब्बास कियारोस्तामी म्हणायचे की काही चित्रपट थिएटरात झोपवतात, पण नंतर रात्ररात्र जागवतात. ते त्यांना जास्त आवडायचे.’’

‘‘त्यांच्या घरी कॅलेंडर कोण लिहायचं?’’ हिने विचारलं.

बऱ्याच वाटाघाटींनंतर तो ‘अर्धा खाडा’ म्हणून यादीत शेवटी आला.

शनिवारी विरंगुळा केंद्र भरलेलं होतं. मी कॅलेंडर बरोबर नेलं होतं. किरण राव सांगितल्या, चिदंबरम सांगितला, मोकाशी, सरपोतदार, बर्वे, कोठारे सांगितले. हात कसा अडकला ते करून दाखवलं. कसोटी कोणती हे समजावं म्हणून ज्यांत झोपलो त्यांची नावंही ओघात घेतली. सभा तल्लीन होती. ‘काही प्रश्न?’ म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या आजींनी हात वर केला.

‘‘ज्यांत तुम्हाला झोप लागली, त्यांची नावं परत सांगता का? जरा सावकाश सांगा.’’

सभागृहात पिशव्यांतून पेनं निघाली. एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, ‘‘गोळी घेऊनसुद्धा मला तीनला जाग येते. ‘कल्की’त तुम्हाला साधारण किती मिळाली?’’ कुणी विचारलं, दुपारचा खेळ चांगला की संध्याकाळचा. कुणी विचारलं, खुर्ची किती मागे करायची. आवडत्या चित्रपटांची पाठ केलेली टिपणं माझ्या खिशातच राहिली. अर्धा तास मी मागच्या रांगेचे फायदे, पॉपकॉर्न टाळायची गरज आणि लांबीचं महत्त्व यांवर बोललो, आणि इतक्या एकाग्रतेने मला आयुष्यात कुणी ऐकलेलं नाही. शेवटी प्रश्न आला, ‘‘यातलं सध्या काय चालू आहे?’’

डिसेंबरच्या चौकोनात बघितलं. ‘पुष्पा 2’, तीन तास वीस मिनिटं, खाली ठळक अक्षरांत खाडा. चालूही होता. मी छातीठोकपणे शिफारस केली. चहा थंड झाला तरी लोक तिकिटं काढायला नातवंडांना फोन करत होते.

मंगळवारी रात्री साडेअकराला सेक्रेटरींचा फोन आला. मी जागाच होतो.

‘‘तुमच्या भरवशावर सगळा संघ घेऊन गेलो होतो,’’ ते गरजले. ‘‘तीन तास वीस मिनिटं एकाचाही डोळ्याला डोळा लागला नाही! खजिनदार शिट्ट्या मारत होते. पहिल्या रांगेतल्या त्या आजी, गुडघे बदललेले, पाय ओढत तो पुष्पाचा डान्स करून दाखवताहेत. घरी आलोय तरी कुणाला झोप नाही, ग्रुपवर अजून गाणी पाठवताहेत. आता रात्रभर काय करायचं आम्ही? कसले दर्दी हो तुम्ही!’’

‘‘अहो, पण विषयच तुम्ही दिला होता,’’ मी म्हणालो. ‘‘फळ्यावर तुमच्याच हाताने लिहिलं होतं, ‘माझे आवडते’. झोप लागणं, न लागणं, ही शेवटी ज्याची त्याची अभिरुची.’’